सोडा की सोडू

४ जानेवारी, सोमवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच केरात टाकलं नसशील, असं धरून लिहितो. पत्ता मावशीच्या धाकटीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दारात पाऊण तास बसून राहिलो, तेव्हा कुठे तिने दिला. सव्वीस वर्षांत एक ओळ नाही आणि आता लिहितोय म्हणजे याचं काहीतरी काम अडलेलं असणार, असं तू म्हणशील. काम नाही. म्हणजे तसं काही काम नाही.

इथली बातमी तिकडच्या पेपरात येते का, माहीत नाही. आमच्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग आणायचं चाललंय. गेल्या ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी न सांगता सोडलं गेलं. नदीकाठची खालची वस्ती अर्ध्या तासात बुडाली, एकेचाळीस माणसं गेली. पाणी सोडायला कोणी सांगितलं, एवढाच वाद आहे. धरणाचे मुख्य अभियंता म्हणतात, साहेबांनी हुकूम दिला. साहेब म्हणतात, मी नुसतं विचारलं, हुकूम यांचा यांनीच समजून घेतला. साहेब अजून खुर्चीवर आहेत आणि अभियंता चार महिने तुरुंगात.

त्या सकाळच्या बैठकीत खोलीत चारच जण होते. साहेब, त्यांचे सचिव, अभियंता, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन मी. फोन, रेकॉर्डर सगळं बाहेर ठेवायचा नियम आहे. त्यामुळे तिथे काय बोललं गेलं याचा पुरावा म्हणजे माझी लघुलेखनाची वही. आणि वहीत आहे नुसतं ‘स’ आणि ‘ड’.

तुला हे शिकवायचं म्हणजे आजीला चालायला शिकवण्यासारखं आहे, तरी लिहितो, कारण हल्ली मी हे सगळ्यांनाच समजावत फिरतोय. वेगात लिहिताना आपण स्वर गाळतो. नुसती व्यंजनं काढतो आणि नंतर संदर्भावरून शब्द लावतो. स-ड म्हणजे सोडा, सोडू, सडा, साडी, काहीही. पाण्याच्या पुढे साडी येणार नाही, एवढं मलाही कळतं. पण साहेब ‘पाणी सोडा’ म्हणाले की ‘पाणी सोडू?’ म्हणाले, हे ती खूण सांगत नाही. मी टाइप करताना ‘सोडू?’ केलं. अस्पष्ट होतं, काय करणार. सभागृहाच्या चौकशी समितीने मला चोवीस फेब्रुवारीला साक्षीला बोलावलंय. तिथेही हेच सांगेन.

ऑक्टोबरमध्ये मी निवृत्त होतो. साहेबांची मुदतही ऑक्टोबरातच संपते. ही म्हणते, दोघांना एकच हार आणू.

तुझा धाकटा


१७ जानेवारी, रविवार

ताई,

उत्तराची वाट न बघता दुसरं लिहितोय. हात स्वस्थ बसत नाहीत. या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं, मग शेजाऱ्यांच्या मुलीची कंपासपेटी मागून आणली आणि त्यातल्याही टोकदार केल्या. हिने डोक्याला हात लावला.

महाभियोगाशिवाय इथे दुसरा विषय नाही. न्हाव्याकडे मान खाली घालून बसलो तरी वस्तरा थांबवून तो विचारतो, काढायचं का साहेबांना? मी म्हणतो, आधी माझी दाढी काढ. एका पेपरात व्यंगचित्र आलं, साहेब सोड्याची बाटली फोडताहेत आणि खाली लिहिलंय, ‘मी फक्त विचारलं.’ सगळं ऑफिस हसलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

तू तिथून काय म्हणशील हे मला माहीत आहे, म्हणून माझी बाजू मांडून टाकतो. एक तर साहेब ऑक्टोबरला जायचेच आहेत, निवडणूक तोंडावर आहे. ज्याला लोक नऊ महिन्यांत दार दाखवणार, त्याला आज खिडकीतून का फेकायचं? दुसरं, त्यासाठी सभागृहात दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती नाहीत, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ठराव पडला की साहेब म्हणणार, बघा, मी निर्दोष. हात दाखवून अवलक्षण. आणि तिसरं, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. आमच्या शाखेत दोघे जण वीस वर्षं एकत्र डबा खायचे, आता एक जण जिन्यात बसून खातो. एका माणसाला घालवायला अख्खं घर दुभंगायचं का? मेलेली माणसं काही परत येत नाहीत. हे वरातीमागून घोडं आहे.

हे सगळं मी काल हिला सांगितलं. मला बोलणाऱ्याचा वेग मोजायची खोड आहे, तुला आठवत असेल. ही मिनिटाला एकशे चाळीस शब्द बोलते. काल मात्र फक्त म्हणाली, “आणि तो अभियंता?”

मी म्हटलं, ते कोर्ट बघेल.

समितीने माझी वही दोन तज्ज्ञांकडे पाठवली होती. एक म्हणाला सोडा, एक म्हणाला सोडू, आणि दोघांनी मिळून लिहून दिलं की निश्चित सांगता येत नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच. मला झोप लागायला हरकत नव्हती.

धाकटा


२७ जानेवारी, बुधवार

ताई,

आज अभियंत्यांच्या पत्नी घरी आल्या होत्या. दुपारी, मी जेवायला घरी आलो असताना. मला वाटलं, आता रडारड होणार किंवा शिव्याशाप. मी दोन्हीची तयारी करून बाहेर आलो. त्यांनी चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या होत्या.

“भाऊ, मी भांडायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुमची आठवण काढतात. म्हणतात, कोपऱ्यात बसलेल्या माणसाने ऐकलंय. तो पेन्सिल वाकडी धरतो, पण ऐकतो सरळ.”

मी म्हटलं, वहिनी, वहीत स्वर नाही.

“वहीत नसेल,” त्या म्हणाल्या. “कानात?”

मिनिटाला चाळीस शब्द. इतकं सावकाश बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. जणू प्रत्येक शब्द मला उतरवून घेता यावा म्हणून थांबत होत्या.

मी त्यांना तेच सांगितलं, नऊ महिने राहिलेत, मतं नाहीत, ठराव पडणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हातारी मेल्याचं दुःख नाही भाऊ, काळ सोकावतो. माझं तर तेवढंही मोठं म्हणणं नाही. ठराव पडू दे. साहेब राहू देत. ह्यांनी पाणी आपणहून सोडलं नाही, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं. मुलीच्या वर्गात तिला विचारतात.”

पाणी पिऊन गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ही भांडी आवरताना म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी ऑफिसला परत गेलो आणि तीन तास एका समितीचं कामकाज लिहिलं. टाइप करायला बसलो तर एका पानावर एक अक्षर लागेना. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं लिहिलेलं मला वाचता आलं नाही.


३ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. तीन पत्रं मी तुला तेच लिहिलं जे सगळ्यांना सांगतो, आणि तू त्यातली एक ओळही खरी मानली नसशील. तू कशी मानशील? तू बाबांची मुलगी आहेस.

बाबांची ती खोली आठवते ना, सायकलच्या दुकानावरची. आठ टाइपरायटर, त्यातल्या दोन यंत्रांचा ‘ळ’ अडकायचा. क्लास सुटला की आपल्या दोघांना थांबवून ते शिकवायचे ती शेपटी. ‘साहेब विचारतोय की सांगतोय, हे चुकलं तर नोकरी जाते,’ म्हणायचे. म्हणून हुकूम असेल तर खुणेच्या शेवटी खाली डावीकडे बारीक शेपटी काढायची. नुसता विचार, प्रश्न, सूचना असेल तर काढायची नाही. कुठल्याच पुस्तकात ती नाही. ‘परीक्षेत काढलीत तर मार्क कापतील, आणि बाहेर कोणाला शिकवू नका,’ असं बजावून त्यांनी ती फक्त आपल्याला दिली. लोक पोरांना शेत देतात, घर देतात. आपल्याला शेपटी मिळाली.

त्या वहीत त्या ‘स-ड’ला शेपटी आहे.

दोन्ही तज्ज्ञांनी ती पाहिली. अहवालात लिहिलंय, ‘पेन्सिल उचलताना झालेला अनवधानाचा फरकाटा.’ वाचून मला हसू आलं आणि मग बाबांची इतकी लाज वाटली की खुर्चीतून उठलो.

साहेब म्हणाले, “सोडा.” अभियंता म्हणाले होते, चार तास द्या, आधी वस्ती रिकामी करू. वरचं नवं वीजकेंद्र पाण्यात जायला लागलं होतं, पुढच्या आठवड्यात साहेब त्याचं उद्घाटन करणार होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, सोडा. आवाज चढवला नाही. हात आपोआप खाली डावीकडे गेला.

दुपारी तीनला बुडाल्याची बातमी आली. साडेतीनला सचिव माझ्या टेबलापाशी आले. धमकी नाही, आमिष नाही. माझ्या खांद्यावरून वहीत बघत म्हणाले, “शेवटचा स्वर दिसत नाहीये. सोडू असणार, नाही?” आणि मी म्हटलं, असेल. ताई, ‘असेल’ एवढाच शब्द बोललो मी. पुढचं सगळं टाइपरायटरने केलं असं मला फार दिवस वाटत होतं.

आता जगात ती शेपटी वाचता येणारी दोनच माणसं आहेत. त्यातला एक मी आहे, आणि मी काय करतो हे दुसऱ्या माणसाला चांगलंच माहीत आहे.

आपण दोघं कोर्टात लघुलेखक होतो तेव्हाची ती गोष्ट मी आजवर कोणाशी बोललो नाही, हिच्याशीसुद्धा नाही. न्यायाधीशांनी साक्षीला उभ्या असलेल्या बाईला ती घाण शिवी दिली, तू ती जशीच्या तशी उतरवलीस, काढून टाक म्हटलं तर काढली नाहीस. चौकशीत मला शपथेवर विचारलं. पुढची पंधरा मिनिटं लिहायची पाळी माझी होती, मी तुझ्या मागेच बसलो होतो. मी सांगितलं, माझी पाठ होती, ऐकू आलं नाही. तुझी नोकरी गेली. माझी कायम झाली. शिवी मी ऐकली होती, ताई. पाळी नसतानाही हाताने वहीत उतरवली होती. ते पान मी फाडलं.

बाबा गेले तेव्हा तू आलीस, सगळ्यांशी बोललीस. मी दारात उभा होतो, मला म्हणालीस, “सरक.” तुझा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द तो. शेपटीचा.

सोबत त्या ओळीची नक्कल काढून पाठवतोय. तू वाच. मी बरोबर वाचतोय ना, एवढंच सांग. मला आता माझ्या वाचण्यावर भरवसा राहिला नाही. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलोय. ठराव पडणारच आहे. मी बोललो तरी साहेब जाणार नाहीत, मी मात्र जाईन. हिला हे कसं सांगू, कळत नाही. मग कशासाठी बोलायचं? तू तेव्हा कशासाठी बोललीस? मी सव्वीस वर्षं हे विचारायचं टाळतोय, कारण मला उत्तर कळेल अशी भीती वाटते.

तुझा
भाऊ


२० फेब्रुवारी, शनिवार

ताई,

कार्ड मिळालं. पोस्टमन म्हणाला, यावर काहीच लिहिलेलं नाही, लहान मुलाने गिरगटलंय. मी म्हटलं, हो, मोठ्या मुलीने.

एकच खूण. ‘स’ आणि ‘ंग’. मी जिन्यातच बसलो. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, सव्वीस वर्षांनी एक खूण. पहिल्यांदा मी ती वाचली ‘सोंग’. म्हटलं बरोबर आहे, माझी लायकी तेवढीच. दुसऱ्यांदा वाचली ‘सांगू?’ म्हटलं ही मला विचारतेय, मी सांगू का त्यांना म्हणून. मग चष्मा पुसला.

शेपटी होती. अशी लांब की कार्डाच्या कडेपर्यंत गेली होती.

सांग.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं, कोर्टातलंसुद्धा. हिने कपाट उघडून माझे शर्ट बघितले. मग म्हणाली, “साक्षीला तो निळा शर्ट घाला. पांढऱ्याची कॉलर विरलीये.”


२८ मार्च, रविवार

ताई,

ठराव पडला, हे तुला कळलंच असेल. सात मतं कमी. साहेब ऑक्टोबरपर्यंत राहतील आणि काल त्यांनी त्या वीजकेंद्राचं उद्घाटन केलं. मी म्हणत होतो तसंच झालं, आणि माझं बरोबर निघाल्याचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

साक्ष कशी झाली ते पेपरात आलंय, पण मोडकंतोडकं. मी शेपटी दाखवली. समितीच्या अध्यक्षांनी भिंग मागवलं. म्हणाले, ही खूण दुसरं कोणी वाचू शकेल? मी म्हटलं, माझी मोठी बहीण, आणि तुझं कार्ड पुढे ठेवलं. सचिवांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. तिथवर सगळं नीट चाललं होतं. मागच्या बाकावर अभियंत्यांच्या पत्नी बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मग साहेबांचे वकील उठले. मिनिटाला एकशे सत्तर. म्हणाले, “म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत, हे कबूल?” कबूल. “पहिल्यांदाच, की खोटं बोलायची सवय आहे? याआधी कधी शपथेवर खोटं बोललात?”

त्याला काही माहीत नव्हतं, ताई. अंधारात मारलेला दगड होता. नाही म्हटलं असतं तर तो पुढच्या प्रश्नाला गेला असता, पान फाडल्याचं तुझ्यामाझ्याशिवाय आणि हिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. नाही म्हणायला तोंड उघडलंही. आणि समोर लिहायला बसली होती आमची मैना. कधी बोलत नाही म्हणून आम्ही तिला मैना म्हणतो. तिची पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती, माझ्या शब्दाची वाट बघत. तेहतीस वर्षं मी तसाच थांबत आलोय लोकांच्या शब्दांसाठी.

मी म्हटलं, होय, एकदा. आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मथळा होता, ‘दोनदा खोटं बोललेला साक्षीदार’. सभागृहात साहेबांच्या बाजूचा प्रत्येक जण तेच वाक्य घेऊन उभा राहिला. लोक म्हणतात, कुंपणावरचे आठ-दहा जण त्या उत्तरामुळे पलीकडे गेले. पलीकडे गेलेले सात असतील, तर ठराव मीच पाडला. हिने एकदाच विचारलं, “त्या प्रश्नाला नाही म्हणाला असतात तर?” मी हिशेब करून बघितला आणि सोडून दिला. एक खरं सांगायला दुसरं खोटं बोलायचं, हे बाबांच्या क्लासात नव्हतं.

तर महाभियोग आणणं शहाणपणाचं होतं का? मला अजून कळलेलं नाही. जिन्यातला माणूस अजून जिन्यातच जेवतो. साहेब जास्त जोरात बोलायला लागलेत. मी निलंबित आहे, चौकशी होईल, बहुधा निवृत्तीचा समारंभ व्हायचा नाही, हिचा हार वाचला. पण अभियंत्यांना परवा सोडलं. माझी साक्ष कोर्टात दाखल झाली आणि न्यायाधीशांनी त्यांना घरी पाठवलं. वहिनींनी फोन केला. म्हणाल्या, “हे झोपलेत. उठले की बोलतील.” एवढंच. पण ऐंशीच्या वेगाने बोलल्या.

सोबत एक कागद जोडलाय. सभागृहाच्या कामकाजाचं पान आहे, क्रमांक दोन हजार एकशे चौदा, सही-शिक्क्याचं. मैनाने आणून दिलं. ठराव पडला तरी कामकाजातला शब्द काढता येत नाही, तसा नियम आहे आणि तो नियम मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय. वरून अकरावी ओळ बघ.

‘साक्षीदार: होय, एकदा. माझी बहीण खरं बोलत होती. मी ऐकलं होतं.’

ते पान मी फाडलं होतं. हे कोणाला फाडता येणार नाही. तुझ्या नोकरीचं, तुझ्या सव्वीस वर्षांचं काही होत नाही याने, मला कळतं. तरी ते तुझ्याकडे असावं असं वाटलं.

आता मला वेळच वेळ आहे. ही म्हणते, घरात फेऱ्या मारून फरशी झिजवण्यापेक्षा कुठेतरी जाऊन या. म्हणून खाली एक खूण काढतोय. नुसता ‘य’. त्याला शेपटी नाही, म्हणजे तू वाचशील, ‘येऊ?’ तोच ‘य’ शेपटी लावली की ‘ये’ होतो. ती मी काढलेली नाही.

मोठी तू आहेस. पत्राचा हा कागद परत पाठव.